उलटे आटे

चौदा किलोमीटर डांबर, सतरा खडी.
वृद्धाश्रमातली रात्रपाळी नऊला लागते
आणि सातची बस मार्चपासून बंद.
थांब्यावरचा बाक तेवढा ठेवलाय त्यांनी,
त्याखाली हेल्मीची मांजर व्यालीय.

मोटारीच्या गिअरबॉक्सचे गॅरेजवाल्यानं अकराशे सांगितले.
मी म्हटलं, बघते.
आणि तार्तूच्या एका विद्यार्थ्याकडून
चाळीस युरोंत सांगाडा उचलला :
पोलादी, माझ्या मुलाच्या वयाचा, कधीकाळी जांभळा.

मुलगा फोनवर म्हणाला, आई, जाड टायर त्यात मावायचा नाही.
मी शिवणाची टेप घेऊन मागचा चिमटा मोजला.
सेहेचाळीस मिलिमीटर.
म्हणजे चाळीसचा टायर
आणि दोन्हीकडं तीन-तीन मिलिमीटर, चिखलाला.
एवढी जागा तर आम्ही स्वयंपाकघरातही
एकमेकांना ठेवत नव्हतो.

मग मधला आस.
गंजून असा बसलेला की सांगाडा आणि तो एकजीव.
तेल पाजलं. उकळतं पाणी ओतलं.
पान्याला नळाचा तुकडा जोडून
त्यावर अख्खी लोंबकळले,
आईकडून शिकलेल्या सगळ्या शिव्या देऊन झाल्या.
तीन दिवस.

चौथ्या दिवशी हेल्डुर बरणी परत द्यायला आला.
एक्क्याऐंशी वर्षांचा, सामूहिक शेतीतल्या ट्रॅक्टरांवर हात काळे केलेला.
शेडच्या दारात उभा राहून बघत राहिला.
कॉफी प्याला. कप संपेपर्यंत अवाक्षर नाही.
मग म्हणाला :
उजव्या बाजूचे आटे उलटे असतात, उर्वे.
तीन दिवस तू तो आवळतेयस.

मला उगाच माझा नवरा आठवला.
मग नाही आठवला. काम होतं.
दुसऱ्या बाजूनं जोर लावला तर
असा कडाड आवाज झाला
की पलीकडचा कुत्रा उठून बसला.

बाकीचं सावकाश.
पुढचं चाक एका सायकलचं, मागचं दुसरीचं,
दोघांची ओळख माझ्या शेडमध्येच झाली.
पुढं एकच चक्र, अडतीस दातांचं,
मागं चढासाठी छत्तीसपर्यंत.
खाली वळलेलं हँडल बारा युरोंना,
त्यावर गुंडाळायला जुन्या पडद्याची पट्टी,
हिरवी, बारीक फुलांची.
ब्रेक जुनेच, रबरं नवी.
वहीच्या शेवटच्या पानावर बेरीज :
दोनशे पंचेचाळीस.
हेल्डुरची कॉफी धरलेली नाही.

मे महिन्यातली संध्याकाळ, सात वाजताही लख्ख ऊन.
डांबरावर ती इतकी गुपचूप पळाली
की मला माझ्याच जाकिटाची सळसळ ऐकू आली.
दूधडेअरीपाशी डांबर संपतं.
तिथं उतरले, टायरमधली हवा थोडी सोडली,
अंगठ्यानं दाबून पाहिलं :
पिकल्या टोमॅटोपेक्षा जरा कडक.

आणि मग खडी.
पन्हाळी पत्र्यासारखा रस्ता,
हातातून खांद्यात, खांद्यातून दाढांत.
एक लाकडाचा ट्रक गेला
आणि मिनिटभर मी नुसत्या पांढऱ्या धुळीत
पेडल मारत होते, रस्ता असेल या हिशेबानं.
होता.

साल्मेची गोळी द्यायला गेले तेव्हा
माझ्या भुवयांवरची धूळ तिनं बोटानं पुसली, चाखली म्हटलं तरी चालेल.
वय चौऱ्याण्णव. म्हणाली,
गिरणीच्या वळणावरून आलीस.
तिथं खडी बाहेरच्या अंगाला सरकते,
माझे दुधाचे कॅन दोनदा सांडले होते.
आतून घे.

सकाळी आतून घेतलं.
वळण निघालं, ढोपरं शाबूत,
फक्त उजवा पाय खाली गेला की
आसापाशी कुठंतरी
कट.
परत, कट.

झोप झाली की उघडायला हवा.
उजवीकडून. उलटा.