तोंडाची वाफ

नॉयडॉर्फपाशी नदी वळते तिथे
मिसिसिपीला कसली घाई नव्हती.
घाई आमची.
सकाळी सहाचा भोंगा, बाराचा, साडेबाराचा,
आणि संध्याकाळी सहाला एक लांब, दमलेला,
तो संपेपर्यंत घरोघर चुलीवर बटाटे चढायचे.

भोंग्याची दोरी वेंडेलिन हासेच्या हातात.
वीस वर्षं बॉयलरसमोर बसून
त्याचे कान आधी तापले, मग विझले.
आई म्हणायची, त्याच्यापुढे तोंडाची वाफ दवडू नकोस,
डबा ठेव आणि कामाला लाग.
मी डबा ठेवायचे आणि थांबायचे.
तो नळावर तळवा टेकवून बघायचा,
ताप आलेल्या पोराच्या कपाळावर टेकवावा तसा,
आणि मग दोनच फावडी कोळसा.
काट्याकडे तो नंतर बघायचा,
काटा बरोबर आहे ना एवढंच तपासायला.

भिंतीपलीकडे त्याची वाफ
पट्ट्यावर चढायची, पट्ट्यावरून दांड्यावर,
दांड्यावरून चाळीस यंत्रांवर.
चाळीस माणसं चिमट्यात ओला शिंपला धरून
त्याच्या चकत्या पाडत.
चकत्यांची बटणं व्हायची, बटणांचे सदरे,
ते सदरे घालणारी माणसं आम्ही कधी पाहिली नाहीत.
मी चकत्या निवडायचे : जाड, पातळ, गुलाबी झाक असलेली.
माझं वय नऊ. कारखान्याच्या वहीत बारा.

भोकं पडलेले शिंपले गल्ल्यांत अंथरलेले.
पाऊस पडला की प्रत्येक भोकात एक तळं.
खाली काठावर ओर्व्हिल टकर
मोठ्या पिंपात शिंपले वाफवायचा,
त्या वासानं पाद्र्याचं घोडंसुद्धा रस्ता बदलायचं.
ओर्व्हिलला एकदा मोती सापडला होता.
त्यातून त्यानं खेचर घेतलं. खेचर त्याच वर्षी बुडालं.
तरी तो प्रत्येक शिंपला आधी बोटानं चाचपायचा.

आगबोट यायची तेव्हा
वेंडेलिन दारात उभा राहायचा.
खालच्या वळणावर, झाडांच्या वर
पांढरा झुपका उठायचा,
आणि तो म्हणायचा, ‘लिडिया बार्न्स.’
एक. दोन.
मग कुठे आमच्या कानांवर शिट्टी यायची.
साऱ्या गावात बोट सगळ्यांत आधी
बहिऱ्याला ऐकू येते,
हे मी आईला सांगितलं. आई हसली नाही.
तिची बोटं तेव्हा शिंपल्याच्या भुकटीनं चिरलेली असायची.

मग वरच्या अंगाला पूल झाला.
पेट्या रुळांवरून जाऊ लागल्या,
धक्क्याच्या फळ्या कुणीतरी कोंबड्यांच्या खुराड्याला नेल्या.
नदीचा तळ खरवडून खरवडून
ओर्व्हिलच्या गळांना नुसता चिखल लागू लागला.
मी चौदाची झाले, वहीत सतराची,
त्या साली विजेच्या मोटारी आल्या :
प्रत्येक यंत्राला आपापली, मुठीएवढी, गुरगुरणारी.
बॉयलर तुकडे करून नेला. लागली नऊ माणसं आणि एक दिवस.
भोंग्याच्या जागी घंटा बसवली,
ती म्हणे आपली आपण वाजते.

वेंडेलिनला झाडू दिला.

जानेवारी. नदी गोठलेली.
बॉयलर गेल्यापासून ती खोली गारच.
घंटा झाली, माणसं कोट चढवून निघून गेली,
आणि तो झाडत राहिला,
एकाच कोपऱ्यातली पांढरी भुकटी,
इकडून तिकडे, तिकडून इकडे.
ज्यानं अख्ख्या गावाला सहा वाजवून दिले
त्याला सहा वाजले हे सांगायचं कुणाच्या ध्यानात नव्हतं.

मी परत आत गेले. त्याच्यासमोर उभी राहिले.
छाती भरून श्वास घेतला
आणि म्हणाले, ‘सहा,’
शेवटचा ‘आ’ जमेल तितका लांब ओढत.
माझ्या तोंडातून वाफ निघाली,
दिव्याखाली पांढरी झाली, वर गेली.

तो तिच्याकडे बघत होता.
ती पूर्ण विरेपर्यंत बघत होता.
मग त्यानं झाडू भिंतीला टेकवला
आणि कोटाचं वरचं बटण लावलं.