छाट

गुरुवारी पहाटे तीनला नळ येतो.
आई ड्रमात पाइप सोडते, मी डाऊनलोड लावते.
दोन्हींची धार बारीक.
मोबाइल खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधलेला,
विडी घरकुलात रेंज तेवढ्याच गजापाशी येते.
ड्रम भरला, घागर भरली, शेजारच्या लक्ष्मीबाईंचं पिंपसुद्धा भरलं.
स्क्रीनवर अजून एकसष्ट टक्के.
"एंत अयिंदी?" आई विचारते. किती झालं?
ब्याण्णव लाख डाव आहेत, मी सांगते.
"एवढं कोण खेळलं गं? त्यांना काम नव्हतं?"

फाइल उघडली तसा नवी पेठेतला जुना लॅपटॉप
यंत्रमागासारखा घरघरला.
पहिली खेळी, राजापुढचं प्यादं दोन घरं:
चाळीस लाख डाव.
मग घोडा, मग प्याद्यानं प्यादं,
तेराव्या खेळीला सहाशे,
सतराव्याला नऊ,
एकोणिसाव्याला एक.

महिनाभर मी नुसती हिरवी पट्टी पाठ केली.
एका खेळीपुढं लिहिलं होतं, विजय शंभर टक्के.
जिल्हा स्पर्धेत तीच खेळले
आणि बाविसाव्या खेळीला राजा आडवा केला.
दोर्नाल सर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले,
"शंभर टक्के, पण कितीपैकी?"
घरी येऊन बघितलं.
एकापैकी.

आई सूप मांडीवर घेऊन बसलेली.
भिजलेलं पान, चिमूटभर तंबाखू, वळण, दोरा.
रोज हजार विड्या. कारखान्यात चेकर त्यातल्या तीसेक बाजूला टाकतो,
छाट म्हणतो, आणि छाटीचे पैसे देत नाही.
"कुठली छाट होणार, तुला आधी कळतं?"
"बोटाला कळतंय की."
"हजारात?"
"हजार कशाला? हातात एकच असतीय."

तेव्हापासून मी निवडायला बसते.
एकच डाव तीनदा, खेळाडूच्या नावाचं स्पेलिंग तेवढं वेगळं: छाट.
तीन मिनिटांत धोपटलेले: छाट.
दोघांनी हात मिळवून बाराव्या खेळीला बरोबरी केलेले,
ते काढताना मात्र थोडा हात अडखळतो.

काल एक सापडला.
काळ्याचं नाव नाही. गाव नाही. तारखेच्या जागी
नुसती प्रश्नचिन्हं.
फुकटचं प्यादं समोर, आणि त्यानं घेतलं नाही.
का?
पट मांडला, दुपारभर, पंख्याचा वारासुद्धा तापलेला,
आणि चारच्या सुमाराला दिसलं:
खाल्लं असतं तर त्याच्या वजिराला परतायला घर नव्हतं.
हे कुठल्या पट्टीत लिहिलेलं नव्हतं.

आईला दाखवलं. तिला पट कळत नाही,
ती प्रश्नचिन्हांकडं बघत राहिली.
"तारीख ठाऊक नसली तर एक जानेवारी लिहितात," ती म्हणाली,
"आधारवर माझी तीच आहे."
लक्ष्मीबाईंचीही तीच. आमच्या अर्ध्या गल्लीचा वाढदिवस
एकाच दिवशी येतो आणि कुणी साजरा करत नाही.

तो डाव मी ठेवला.
अजून अठ्ठ्याऐंशी लाख बघायचे आहेत.