पाणी कुठे मुरतं

ड्रायव्हरच्या पायाखाली नाही,
शेजारच्या सीटपुढे, जिथे माझ्या गाडीत कुणी बसत नाही,
तिथला गालिचा टाचेने दाबला की बुडबुडे येतात
आणि न उपसलेल्या विहिरीचा वास.

होक्वियममध्ये ऑक्टोबर ते मे पाऊस पडत नाही,
राहायलाच येतो.
ट्रक जुना, सत्त्याण्णवचा, हिरवा.
विकणारा म्हणाला होता, "आतून ठणठणीत कोरडा,"
आणि बोलता बोलता टायरकडे बघत राहिला.
तेव्हाच कळायला हवं होतं.

लोणचं मुरतं, माणूस एखाद्या कामात मुरतो,
ते आपल्याला आवडतं.
पाणी मुरलं की मात्र पोलीस होतो आपण.
महिनाभर मी पुढच्या काचेवर संशय घेतला.
कडेकडेने काळं सिलिकॉन फासलं,
हॅचरीत सॅमनच्या पिल्लांना खाणं टाकतानाही
बोटं काळीच.
मग पाऊस. मग बुडबुडे.

लॉर्ना हाकनस्टाड, वय बहात्तर,
एकतीस वर्षं लाकडाच्या गिरणीत करवतीवर,
डाव्या हाताला साडेतीन बोटं,
कुंपणावरून म्हणाली:
"ओलं आहे तिथे कशाला शोधतेस?
शिरतं एकीकडून, बसतं दुसरीकडे.
माझा दुसरा नवरा तसाच होता."

शनिवारी सीट काढली. चार बोल्ट,
त्यातला चौथा गंजलेला,
त्याला मी मराठीत जे बोलले ते लॉर्नाला बरोबर कळलं.
गालिच्याखाली:
दोन हजार तीनचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक, फुगून पावासारखं,
अकरा सेंट,
लहान मुलाचा एकच लाल हातमोजा,
फरच्या झाडाच्या सुया, मूठभर.
खालचा फोम पिळला तर दीड बादली निघाली.
हातमोजा मी धुतला. का, ते माहीत नाही.

मग ती बाहेर नळी घेऊन, मी आत टॉर्च घेऊन,
मागची सगळी भिंत बेबी पावडरने पांढरी केलेली.
"खालून वर जायचं," ती म्हणाली,
"घाई केलीस तर सगळीकडूनच येतंय असं वाटतं."
दारं बंद. टपावर पाण्याचा खडखडाट.
आलं का?
नाही.
दहा मिनिटं खिडकीच्या कडेला.
आलं का?
नाही.
मान अवघडली, पावडर नाकात गेली,
आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी
छत गळायची इतकी वाट बघत होते.

मागच्या काचेच्या वर, तिसऱ्या ब्रेकलाइटच्या कोपऱ्यात
एक थेंब जमला. लोंबला. विचार केला.
मग पावडरीतून सरळ खाली एक रेघ ओढत
सीटमागे, तारांच्या पन्हळीतून पुढे,
आणि माझं अंगण जिकडे उतरतं तिकडे,
उजव्या कोपऱ्यात जाऊन बसला.
"आलं!" मी अशी ओरडले
की लॉर्नाने नळी माझ्याच घराच्या खिडकीवर धरली.

दोन स्क्रू. आतलं रबर
बोट लावताच तुटलं, शिळ्या पापडासारखं.
नवं अकरा डॉलरचं. स्पिरिटने पत्रा पुसला,
ब्यूटिलची पट्टी दाबत दाबत बसवली.
"फार आवळू नकोस," ती म्हणाली,
"रबर पिळवटतं. मग तिथूनच सुरू."

गालिचा आठ दिवस गॅरेजमध्ये पंख्यासमोर,
वास अजून थोडा आहे.
काल पहाटे तीनला टपटप सुरू झाली तशी
मी सपाता घालून अंगणात गेले,
दार उघडून तळवा टेकवला.
कोरडं.
आणखी पुढे, कोपऱ्यात. कोरडं.
मग उगाचच डावीकडे, ड्रायव्हरच्या बाजूला:
रुपयाएवढा ओलावा.

माझ्याच सपातेचा असेल.
टॉर्च विझवून मी तिथेच बसले,
दार ओढून घेतलं,
आणि ऐकत राहिले.