महाप्राण

बटाट्याची फोड घासून झाली.
यामिनीने बजावलं, उरलेला अर्धा भाजीत टाकू नकोस.
दाढीचा फेस लावला, पुसला, परत लावला,
अमर महालच्या पुलापर्यंत टिकला.
कोरड्या साबणाची वडी त्याहून बरी, विक्रोळी गाठून देते,
पण मग डोळ्यांत चंदन झोंबतं
आणि पुढच्या डंपरचे दिवे
टीपकागदावर पडलेल्या लाल शाईसारखे पसरत जातात.

काच एक खाच उघडी ठेवावी, असं सगळे सांगतात.
सगळ्यांनी हस्ताच्या पावसात
द्रुतगती मार्गावर एकदा ती उघडी ठेवून पाहावी.
थेंब नसतात ते. टाचण्या असतात.
मागे पेटीत बर्फ, बर्फात बावीस माणसांचं रक्त,
आणि मुलुंडच्या लॅबमध्ये फ्लेविया घड्याळाकडे बघत बसलेली.

कुर्ल्यात, सीएसटी रोडवर, मुनाफभाईंनी
हेल्मेट उलटं करून पातेल्यात डोकवावं तसं आत पाहिलं.
"आतून चिकटवायची पातळ काच येते. बाराशे.
दोन काचांमध्ये हवा अडकते, मग वाफ धरत नाही."
थोडं थांबून,
"आत बोलता का?"

मी नाही म्हणालो.

छेडानगरच्या सिग्नलला, एकशे चाळीस सेकंद,
पहिल्यांदाच स्वतःला ऐकलं.
मी मुकुंदशी भांडत होतो.
टिळकनगरच्या खोलीवरून. दोन वर्षं झाली,
रोज, हेल्मेटच्या आत, मुद्देसूद,
आणि समोरासमोर एक शब्द नाही.

सातवीत कर्णिक बाई तळहात तोंडापुढे धरायला लावायच्या.
क म्हणा. आता ख म्हणा.
ज्याचा वारा हाताला लागतो तो महाप्राण.
आम्ही पोरं ख म्हणता म्हणता थुंकायचो.

म्हणून पाहिलं.
घर. काच गेली.
हिस्सा. गेली.
थकलेलं भाडं, खोटी सही, फसवलंस,
आईच्या औषधांचे पैसे कोणी भरले
शेजारची रिक्षा आधी पिवळी होती, मग राखाडी,
मग नुसता एक संशय.
मुनाफभाईंना दिलेलं 'नाही' सुद्धा म्हणून पाहिलं.
त्यानेही एक ठिपका आला.

'मुकुंद' म्हटल्यावर मात्र काही होत नाही.
चार वेळा म्हटलं. बाजूचा ट्रॅफिक हवालदार
रेनकोटच्या टोपीतून बघायला लागला, तो मला स्पष्ट दिसला.

वाटलं, सापडला उपाय.
मग 'माफ कर' म्हणून पाहिलं.
त्यातही एक फ आहेच,
आणि तो 'फसवलंस'मधल्या फ-इतकीच वाफ सोडतो.

मागून हॉर्न. हिरवा.
वेग धरला की वारा शिरतो, काच आपोआप निवळते,
थांबलं की धरते. हे कुणी शिकवावं लागत नाही.
विक्रोळीपासून भांडुपच्या पंपिंग स्टेशनपर्यंत
मी बिनवाऱ्याचे शब्द जुळवत गेलो.
'आई वाट बघते' यात घ.
'पाहते' म्हणावं तर ह.
'आई रडते' बसतं सगळं, पण ते खरं नाही,
ती हल्ली सकाळ-संध्याकाळ मालिका लावून बसते
आणि त्यातल्या सुनांना नावं ठेवते.
'तू ये' बसतं. तो यायचा नाही. आमच्याकडे कुणीच आधी येत नाही.

मग, ऐरोलीचा फाटा मागे पडल्यावर,
'मी येऊ का.'

नाकासमोर रुपयाएवढा डाग उठला,
पुसायला हात वर नेईपर्यंत विरला.

फ्लेवियाने नळ्या मोजल्या. बावीस.
म्हणाली, उशीर झालाय.
मी एक कोरडा कपडा मागितला.
"काचेला?"
"हाताला," म्हटलं. "फोन लावायचाय."