अकरा सेकंद

साल्तोत जुलै म्हणजे हाडांत शिरणारी थंडी.
भाड्यानं सिनेमे द्यायचं दुकान मोडलं, तेव्हा
बाबांनी रॅक विकले, पाटी विकली, डीव्हीडी नाही.
त्या संत्र्यांच्या खोक्यांत भरून घरी आल्या.
सोळा खोकी. अजून सालींचा वास मारतात.

"एक कणही उणा व्हायचा नाही, निदिया,"
येर्बाच्या तुंब्यात गरम पाणी ओतत ते म्हणाले.
म्हणजे दाबायचं नाही, आवळायचं नाही,
चित्र, आवाज, सबटायटल्स,
जे जसं आहे तसंच उचलून ठेवायचं.
दोन हार्ड डिस्क. एक घरात,
एक ताकुआरेम्बोला आत्याकडे,
कारण आमची नदी घरात येताना दार वाजवत नाही.

तबकड्या पुसायचं काम बाबांचं.
मधून कडेकडे, सरळ, कधीच गोल नाही,
मिशी कोरताना असतात तितके गंभीर.
ड्राइव्ह घरघरतो. मी याद्या करते.

दोनशे चौदावी अडकली.
बासष्ट टक्के.
जेवून आले, तरी बासष्ट टक्के.

कुठे ते आम्हाला न बघता कळलं.
माणूस जहाजाच्या शिडीवर चढतो, बाई धक्क्यावर,
आणि टप्पकन
रिकामा धक्का, लांब गेलेलं जहाज.
दुकानात एकच प्रत होती,
अख्ख्या गावानं सिनेमा असाच पाहिला.
कुणी उधारी बुडवून पळालं
की साल्तोत म्हणायचे, शिडीवरून गेला.
बँका बुडाल्या त्या वर्षी शिंपीणबाई एल्बाचा नवरा
स्पेनला गेला, तेव्हाही हेच म्हणाले.
ती दर हिवाळ्यात तोच सिनेमा न्यायची.
बाबा तिच्याकडून पैसे घ्यायचे, कारण न घेणं
म्हणजे कळलंय असं कबूल करणं.

रिवेराहून दुसरी प्रत मागवली. कोरी करकरीत.
शंभर टक्के, एकही चूक नाही.

शिडीवरचा माणूस थांबला.
वळला.
टोपी काढून अकरा सेकंद बघत राहिला,
काही बोलला नाही.
मागे नुसता वारा.

बाबांच्या हातातला तुंबा निवला.
"एल्बाला दाखवायचं?"
"तिला आता दिसत नाही, बाबा. ऐकू येतं फक्त."
"मग बरं," ते म्हणाले.
जरा वेळानं, "बरं कसलं."

दोन्ही फाइली ठेवल्या.
एका बोटानं टाइप करत त्यांनी नावं दिली:
एकीला 'पूर्ण',
तुटक्या, बासष्ट टक्क्यांच्या फाइलीला 'आपली'.

रविवारी एल्बा आली. मी लावायला गेले 'आपली',
बाबांनी माझा हात बाजूला केला.
ती डोळे मिटून ऐकत होती, शिवल्यासारखी बोटं हलवत.
शिडी वाजली. पावलं. मग वारा,
वारा, वारा.

"इथे तर तुटायचं ना, विल्मार?"
"नीट केलंय. काही नाही, नुसता वारा आहे."

बोटं थांबली.
"मग जहाज सुटायला," एल्बा म्हणाली,
"इतका वेळ का लागला?"