तोलायच्या आधी

उद्यमनगरच्या मागच्या गल्लीत दस्तगीरभाईंचा वजनकाटा.
एका अंगाला फौंड्रीची धग, दुसऱ्या अंगाला चहाचा गाडा.
टेम्पोतून अप्पांचं अख्खं दुकान उतरलं
तेव्हा मी म्हटलं, सरसकट किलोवर लावा,
मला साडेचारची गडहिंग्लज गाडी गाठायचीय.

ते म्हणाले, "गडबड करू नगा ताई.
काट्याला काय, देवाची मूर्ती ठेवली तरी किलोच सांगंल.
आधी बघू. मग तोलू."
आणि आत हाक दिली, "सर्फराज, मीटर आण."

पोरगं एकोणीस-वीसचं. अंगठ्यावर सोल्डरचा जुना चटका,
अप्पांच्या होता तिथंच.
त्यानं स्टॅबिलायझर उघडला. "दीड किलो तांबं हाय,
पण चालू निघाला तर तांब्यापेक्षा जास्त येतंय."
वायर लावली.
मीटरचा काटा थरथरला, वर चढला
आणि दोनशेतीसवर जाऊन टेकला,
जेवणाच्या पंगतीत घरचं माणूस
आपल्या ठरलेल्या पाटावर टेकतं तसा.

टेपचा पट्टा ताणून बघितला. मोटर फिरली.
"ह्याला पुण्यात गिऱ्हाईक हाय. फोटो टाकतो."
ॲम्प्लिफायरच्या काचेच्या नळ्या हळूहळू तांबूस झाल्या.
"ह्यापायी लोक येडे झाल्यात, ताई."
हिरव्या प्लेटीच्या कडेला सोन्याची रेघ होती, नखाएवढी.
मी विचारलं, हे काढत नाही?
दस्तगीरभाई म्हणाले, "ॲसिडात हात घालावा लागतोय.
माझ्या चुलत्यानं घातला हुता."
पुढं काही बोलले नाहीत. प्लेट वेगळी ठेवली.

मोठ्या स्पीकरची पाठ उघडली
आणि वाळलेला गाळ भसकन सांडला मांडीवर.
"एकोणीसचं पाणी," आम्ही दोघं एकदमच म्हणालो.
"ह्यो मातुर गेला. चुंबक तेवढं काढून घेतो."

आठवी वस्तू. नववी. बारावी.
सर्फराज मीटर खाली ठेवून म्हणाला,
"सगळं चालू हाय की. रिपेर झालेलं हाय.
मग पडून कशाला ऱ्हायलं?"

रेडिओ उलटा केला. तळाला दवाखान्याची पांढरी चिकटपट्टी,
त्यावर अप्पांचं बारीक, डावीकडं झुकलेलं अक्षर :
*चौगले, बावडा. चाळीस बाकी.*
टेपखाली : *शेडबाळे सर. पंच्याऐंशी.*
ॲम्प्लिफायरखाली : *तालीम. गणपतीच्या आत पाहिजे.*
कुठला गणपती, कुणास ठाऊक.
आणि एकावर नावच नाही :
*हिरव्या लुनावाला. बायको आजारी. घाई करू नये.*

आई म्हणायची, ह्यांच्या हातून एक काम पुरं होत नाही,
घराचा उकिरडा केलाय.
मीही म्हणायचे.
कामं पुरी होती.
माणसं आली नव्हती.

सर्फराजनं एका पट्टीवरचा नंबर फिरवायला घेतला
आणि थांबला. "पाचच आकडे? ह्यो तर अर्धाच हाय."
दस्तगीरभाई हसले, मग हसायचे थांबले.
"किंमत तर हाय, ताई. पण मालक दुसरा.
महिनाभर फळीवर ठेवतो. बावड्यात माझा मेव्हणा हाय,
चौगल्यांचं बघतो. लुनावाल्याचं काय करायचं
ते तुमीच सांगा."
मला काय सांगायचं सुचलं नाही.

काट्यावर शेवटी गेला तो ढीग एवढासा :
गाळाचा स्पीकर, फुटकी खोकी, वायरींचा गुंता.
अकरा किलो दोनशे. तेवढ्याचे पैसे झाले.
साडेचारची गाडी केव्हाच गेली होती.

तळाशी अप्पांचा स्वतःचा मीटर निघाला,
काळा, कोपरा उडालेला.
सर्फराजनं मीटरला मीटर लावून बघितला. बरोबर दाखवत होता.
मग उलटा केला, अंगठ्यानं तळ पुसला.

"ह्याला पट्टी न्हाई," तो म्हणाला.
"म्हंजे ह्यो तुमचा."

सहाच्या गाडीला खिडकी मिळाली.
कागलच्या अलीकडं रस्ता उखडलेला.
पिशवीत मांडीवर काटा हलत असणार
प्रत्येक खड्ड्याला,
काहीच न मोजता.