पेन्सिलीखालचा नंबर

गौस मिस्त्रीनं सकाळपासून बॉनेट उघडून ठेवलंय,
टेकूची काठी वाकलेली, म्हणून बाभळीचं लाकूड लावून.
येलदरी रोडला ऊन असं, की पान्हा
आधी पाण्यात बुडवावा, मग धरावा.
"आपा, इत्ता नक्को सोचो. जालन्यात एक इसुझू हाय,
अठराशेचा, पाच गिअरचा, भंगारातल्या गाडीचा.
माउंटिंग मी बनवतो. मग जिंतूरहून औरंगाबाद,
पंपावर वल्लं फडकं न टाकता."

मी गप्प.
जुनं इंजिन तेल पितं, मला कळतं.
निळा धूर शेजारच्या पापडांवर बसतो,
तांबोळीणबाई बोलत नाही, एवढंच.
पेट्रोलात आता उसाची दारू.
पूर्वी आमच्याकडचा ऊस नुसतं पाणी प्यायचा,
आता रबरी नळ्याही खातो.

पण अँबेसिडर हीच. टपावर दोन कर्णे,
दारावर पिवळ्या अक्षरांत भगवंत साउंड सर्व्हिस.
(पेंटरला 'र्व्हि' शेवटपर्यंत जमला नाही.)
दादा गाडी दुसऱ्या गिअरात टाकायचे
आणि इंजिनची घरघर जिथं लागेल
तिच्या जरा वर आवाज धरायचे:
आज रात्री ठीक साडेनऊ वाजता…
पाच वर्षांखालील बालकांना डोस…
चारठाण्याच्या जत्रेत एक मुलगी सापडली आहे,
हिरवा परकर, नाव विचारलं तर नुसतं आई म्हणते…
मी मागं, बॅटरीला धरून.
ॲसिडनं फ्रॉकला भोकं.

जन्मभर माइकपुढं बसलेला माणूस,
गेल्यावर शोधलं तर एकाही कॅसेटमध्ये नाही.
उरली ती घरघर,
जिच्यावर तो आवाज ठेवलेला असायचा.

"कागद तर लागतीलच," गौस म्हणतो.
ब्लॉकवरची काजळी रॉकेलनं पुसतो,
पातळ कागद दाबून धरतो,
आडव्या पेन्सिलीनं घासत जातो.
आकडे वर येतात.
मी आरसी बुक उघडते, चष्मा लावते.
तो पुन्हा घासतो, नवा कागद घेऊन.

"आपा, ये तो दुसराच हाय."

नंबराखाली छिन्नीनं काढलेली इवलीशी चंद्रकोर.
रज्जाक उस्तादांची खूण,
इंजिन बदललं की तेवढी करायचे.
"अब याद आया. घाटात रॉड तुटला होता,
ब्लॉक फाडून बाहेर. निजामाबादच्या टॅक्सीचं
इंजिन आणून बशिवलं रातोरात.
मैं कंदील पकड्या था, दस बरस का."

सगळ्या तालुक्याला सगळं सांगितलं दादांनी,
एवढं एक पुकारलं नाही.

आणि मग मला तो दिवस आठवतो,
ज्याचा अर्थ कधी लागला नव्हता:
ना सिनेमा, ना डोस, ना कुणी हरवलेलं,
तरी दादा बोरीपर्यंत गेले आणि परत आले,
रिकाम्या रस्त्यानं, दुसऱ्या गिअरात.
हॅलो. हॅलो. माइक टेस्टिंग.
मध्येच थांबून खाकरत.
पुन्हा जरा खालून, पुन्हा जरा वरून.
मला वाटलं होतं माइक बिघडलाय.

"तो फिर?" गौस हात पुसतो. "बनी तो बनी,
नहीं तो परभणी. लावू का फोन जालन्याला?"

लाव, म्हणते. पण पैशाचं नंतर.
आधी त्याला म्हणावं, इंजिन चालू करून
फोन जवळ धर.

पलीकडं क्रेनचा खणखणाट, कुणाची तरी शिवी,
बॅटरी कुठाय रे, बॅटरी.
मग ते लागतं.
अनोळखी, सपाट, जरा पोरकट.
रेस दे म्हणावं. एवढी नको. हां, तिथंच ठेव.

गौस माझ्याकडं बघत राहतो.
मी फोन कानाला घट्ट लावलेला
आणि बारीक आवाजात, जरा खालून:
एक.
दोन.